मुंबई कायदे कौन्सिलातून केंद्रीय कौन्सिलावरील निवड (१८९३)

मुंबई कायदे कौन्सिलाच्या बिनसरकारी सभासदांनी १८९३ मध्ये गव्हर्नर जनरलच्या कायदे कौन्सिलासाठी फिरोजशहा मेहता यांची केलेली निवड हे ब्रिटिश हिंदुस्थानातील अप्रत्यक्ष निवडणुकीचे एक आरंभीचे उदाहरण होय. अमेरिकेतही १९१३ पर्यंत सिनेटर राज्यांच्या विधिमंडळांकडूनच निवडले जात. मात्र तेथे विधिमंडळाचा कौल अंतिम असे. येथे तो केवळ शिफारस ठरे.

स्वरूप

१८९२ च्या हिंदी कौन्सिल कायद्यात ‘निवडणूक’ हा शब्द हेतुपुरस्सर टाळला होता. सभासदांनी नाव सुचवायचे आणि नेमणूक सरकारने करायची, अशी ही रचना होती. मतदार मोजकेच असत. कारण मुंबई कौन्सिलातील जादा सभासदांची कमाल संख्याच २० होती, आणि त्यांतही सरकारी अधिकारी असत. सभासदांना अंदाजपत्रकावर बोलता येई, प्रश्नही विचारता येत; परंतु अंदाजपत्रकावर मत देण्याचा अधिकार नव्हता.

तरीही ही निवड नाममात्र ठरली नाही. १८९५ मध्ये पोलीस विधेयकावर मेहतांनी केलेल्या कठोर टीकेने अर्थसदस्य जेम्स वेस्टलँड संतापले आणि कौन्सिलात नवीच वृत्ती शिरल्याची तक्रार त्यांनी केली. विरोधकाकडून मिळालेली ही पावतीच म्हणावी लागेल. १९०१ मध्ये मेहतांच्या जागी गोपाळ कृष्ण गोखले याच पद्धतीने निवडले गेले. १९०२ च्या अंदाजपत्रकावरील पहिल्याच भाषणात त्यांनी शिलकी अंदाजपत्रक आणि मिठावरील कर यांवर टीका केली. पुढील वर्षी हा कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला.

मराठवाडा

हा कायदा केवळ ब्रिटिश मुलखाला लागू होता. १८९५ मध्ये लोकमान्य टिळक मध्य विभागातील लोकल बोर्डांच्या मतांवर मुंबई कौन्सिलात गेले. बार्शी ज्या सोलापूर जिल्ह्यात आहे, तो याच विभागात मोडत असे. बार्शीच्या पूर्वेकडील मुरुड व लातूर मात्र निजामाच्या राज्यात असल्याने तेथील मराठी रयतेचा या निवडींशी संबंध नव्हता. १९४८ मध्ये हैदराबाद भारतात विलीन झाले आणि १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला. राज्यसभेचे सदस्य आज विधानसभेचे आमदार निवडतात. शिवराज पाटील चाकूरकर (२००४) व विलासराव देशमुख (२००९) हे लातूर जिल्ह्यातील नेते याच मार्गाने राज्यसभेवर गेले.