गोल्फ स्विंग: जोरात मारायचं की सरळ मारायचं? लाँच मॉनिटरचे आकडे काय सांगतात

क्रिकेट खेळत मोठं झालेल्या आपल्यासारख्यांना गोल्फ पहिल्यांदा बघताना एकच प्रश्न पडतो. बॉल तर जागेवर आहे. समोरून कुणी यॉर्कर टाकत नाही, पिच वळत नाही. मग चुकतं कसं?

मलाही असंच वाटायचं. मग एका रविवारी ऑफिसमधल्या मित्राबरोबर पुण्यातल्या एका गोल्फ सिम्युलेटरवर गेलो, ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायचा क्लब) हातात घेतला आणि पहिले तीनही बॉल पडद्यावरच्या झाडीत घातले. तिथल्या कोचने नेहमीचा सल्ला दिला, "ऐंशी टक्के ताकदीने मार, आपोआप सरळ जाईल." मी महिनाभर इमानदारीत तसं केलं. बॉल सरळ गेला नाही, फक्त अलीकडे पडायला लागला.

हा सल्ला जवळपास प्रत्येक नवशिक्याला मिळतो, म्हणून तो कितपत खरा आहे ते शोधायला लागलो. त्यातून जे कळलं ते इथे लिहितोय. गोल्फ कधी खेळणार नसाल तरी वाचा, कारण यात रडार आहे, थोडं फिजिक्स आहे आणि आपण रोज वापरतो त्या मोबाईल स्क्रीनचाही संबंध आहे.

मशीन नेमकं काय मोजतं?

सिम्युलेटरमधलं मुख्य यंत्र म्हणजे लाँच मॉनिटर. याचे साधारण दोन प्रकार असतात. पहिला रडारवाला. २००३ मध्ये सुरू झालेल्या ट्रॅकमॅन या डॅनिश कंपनीचं नाव यात सगळ्यात जास्त ऐकू येतं. तत्त्व डॉप्लरचं, म्हणजे क्रिकेटमधल्या स्पीड गनचं. हलत्या वस्तूवर आपटून परत येणाऱ्या रेडिओ लहरींची वारंवारता बदलते आणि त्यावरून वेग काढता येतो. दुसऱ्या प्रकारात बॉलच्या शेजारी ठेवलेले हायस्पीड कॅमेरे क्लब आणि बॉल एकमेकांना भिडण्याच्या आसपासचे फोटो काढतात.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. स्क्रीनवरचा प्रत्येक आकडा मोजलेला नसतो, काही हिशोबाने काढलेले असतात. बंद खोलीत बॉल चार-पाच मीटरवरच्या पडद्याला आदळून थांबतो, त्यामुळे रडारला बॉलची फिरकी पकडायला फार कमी अंतर मिळतं. म्हणूनच काही ठिकाणी बॉलवर छोटासा चकाकणारा स्टिकर लावतात. स्वस्तातल्या मशीनवर "फेस अँगल" दिसत असेल, तर तो मोजलाय की अंदाजाने काढलाय ते विचारून घ्या.

आपल्या कामाचे आकडे तीन. क्लबचा वेग, बॉलचा वेग आणि या दोघांचं गुणोत्तर, ज्याला स्मॅश फॅक्टर म्हणतात. ड्रायव्हरसाठी हे गुणोत्तर १.५ च्या आसपास येऊन अडकतं. का, ते कागदावरही काढता येतं. नियमानुसार बॉलचं वजन जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम. क्लबचं डोकं साधारण २०० ग्रॅम धरू. उसळीचा गुणांक नियमाने सुमारे ०.८३ वर रोखलेला. मग १.८३ भागिले १.२३ म्हणजे साधारण १.४९. तुम्ही कितीही महाग क्लब घ्या, याच्या फार पुढे जाता येत नाही. पण बॉल फेसच्या मधोमध लागला नाही, तर खाली मात्र हवं तेवढं येता येतं.

माझं तेच होत होतं. कोचची पाठ वळल्यावर एकदा जीव तोडून मारले. आधी क्लबचा वेग ताशी १४२ किलोमीटर आणि स्मॅश १.४५ होता, म्हणजे बॉलचा वेग २०६. जोर लावल्यावर क्लब १५४ वर गेला, पण स्मॅश १.३३ वर आला. बॉलचा वेग २०५! घाम दुप्पट आणि वेग एकाने कमी.

याची दुसरी बाजू बघायची असेल तर ट्रॅकमॅनने पूर्वी प्रसिद्ध केलेली व्यावसायिक खेळाडूंची सरासरी बघा. पुरुषांच्या पीजीए टूरवर ड्रायव्हरचा वेग तेव्हा ११३ मैल होता, म्हणजे ताशी सुमारे १८२ किलोमीटर. महिलांच्या एलपीजीए टूरवर ९४ मैल, म्हणजे सुमारे १५१ किलोमीटर. हौशी पुरुष खेळाडूंचा सरासरी वेगही जवळपास या महिलांइतकाच असतो. पण त्यांचा बॉल हवेतून २०० मीटर जातो आणि जिथे बघतात तिथे जातो. आपला जात नाही. वेग तोच, फरक कशात आहे ते इथेच कळतं.

पाव सेकंदात मेंदू काहीच करू शकत नाही

चांगल्या खेळाडूचा क्लब मागे न्यायला साधारण पाऊण सेकंद लागतो आणि वरून बॉलपर्यंत खाली यायला साधारण पाव सेकंद. हे ३:१ चं प्रमाण वेगवेगळ्या खेळाडूंमध्ये बरंच सारखं सापडतं. क्लब आणि बॉल प्रत्यक्ष एकमेकांना चिकटून असतात तो वेळ फक्त अर्धा मिलिसेकंद. तुमच्या मोबाईलची ६० हर्ट्झची स्क्रीन एक फ्रेम दाखवायला सुमारे १७ मिलिसेकंद घेते, यावरून अंदाज करा.

डोळ्यांनी काही दिसून हाताने प्रतिसाद द्यायलाच माणसाला साधारण पाचवा हिस्सा सेकंद लागतो. म्हणजे खाली येताना "अरे, चुकतंय" असं जाणवेपर्यंत बॉल उडालेला असतो. आमच्या भाषेत सांगायचं तर ही ओपन लूप सिस्टिम आहे. कमांड एकदा पाठवली की मधे फीडबॅक नाही, दुरुस्ती नाही. गाडी चालवताना आपण स्टिअरिंग सतत थोडं थोडं सावरत असतो, तशी सोय इथे नाही. त्यामुळे "कंट्रोल" हा शब्दच थोडा फसवा आहे. स्विंग चालू असताना कंट्रोल करता येत नाही. दर वेळी सारखीच कमांड पाठवता येते का, एवढाच प्रश्न असतो.

वेग वाढवल्याची किंमत दोन वेगळ्या खात्यांतून जाते

मला सगळ्यात उशिरा कळलेला भाग हा.

पहिलं खातं भूमितीचं. समजा तुमचा बॉल ३ अंश उजवीकडे निघतो. २०० मीटरवर तो साडेदहा मीटर बाजूला पडेल. वेग दहा टक्के वाढवून अंतर २२० मीटर केलं आणि चूक तीच ३ अंश राहिली, तर तो साडेअकरा मीटर बाजूला पडेल. एक मीटरचा फरक! तीसेक मीटर रुंदीच्या फेअरवेवर (मधला कापलेल्या गवताचा पट्टा) तो चालून जातो. वीस मीटरच्या बदल्यात एक मीटर हा सौदा कुणीही घेईल.

दुसरं खातं टायमिंगचं. बॉल कुठल्या दिशेने निघणार हे मुख्यतः भिडण्याच्या क्षणी क्लबचा फेस कुठे बघतोय यावर ठरतं. क्लब खाली येताना हा फेस उघड्याकडून बंदकडे गरकन फिरत असतो. फिरण्याचा वेग सेकंदाला २००० अंश धरला, तर एका मिलिसेकंदाची गडबड म्हणजे २ अंशांची चूक. बॉल हवेत जो वळतो ते आणखी वेगळं. जोर लावताना माझी चूक ३ अंशांवरून ५ वर गेली, की २२० मीटरवर बॉल १९ मीटर बाजूला. थेट झाडीत.

म्हणजे वेग स्वतः फार महाग नाही. वेग वाढवताना टायमिंग बिघडतं ते महाग आहे.

मग हळू मारलं तर टायमिंग सुधारतं का?

इथे १९५४ मध्ये जावं लागतं. पॉल फिट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने दाखवलं की लक्ष्य जितकं लहान आणि लांब, तितका ते गाठायला वेळ जास्त लागतो. घाई केली तर नेम चुकतो. अ‍ॅपमधली महत्त्वाची बटणं मोठी आणि अंगठ्याजवळ ठेवतात, त्यामागे हाच फिट्सचा नियम आहे. कोचचा ऐंशी टक्क्यांचा सल्ला याच समजुतीवर उभा आहे.

पण फिट्सच्या प्रयोगात हात मधे सावरायला वाव होता. झटक्यात होणाऱ्या हालचालींवर रिचर्ड श्मिट आणि डेव्हिड शेरवूड यांनी १९८२ मध्ये जे मांडलं ते वेगळं निघालं. ताकद वाढवत नेली तशी चूक आधी वाढली, पण पूर्ण ताकदीच्या जवळ जाताना ती पुन्हा कमी झाली. आलेख उलट्या यू अक्षरासारखा. म्हणजे अर्ध्या-पाऊण ताकदीवर माणूस सर्वात भरकटलेला असू शकतो. हा प्रयोगशाळेतला हाताच्या हालचालीचा प्रयोग होता, गोल्फचा नव्हे, त्यामुळे तो जसाच्या तसा मैदानावर नेऊ नका. पण माझ्या महिनाभराच्या अनुभवाशी तो तंतोतंत जुळला.

दुसरं कारण फिजिक्सचं आहे. हात आणि क्लब मिळून दुहेरी लंबक बनतो. ओला टॉवेल वाळत घालण्याआधी आपण झटकतो ना, तसं. हात पुढे जातो, मग थबकतो आणि सगळा वेग टॉवेलच्या टोकाला जाऊन फट्‌ आवाज येतो. हात थबकलाच नाही तर आवाज येत नाही. स्विंगमध्येही हात मंदावतात तेव्हा ऊर्जा क्लबच्या डोक्याकडे जाते. जोर लावायचा म्हणून मी मनगटं आधीच सोडून देत होतो, त्यामुळे क्लबचा सर्वाधिक वेग बॉलच्या आधीच येऊन जात होता. "हळू मार" म्हटल्यावर मी बॉलजवळ येताना ब्रेक लावत होतो. दोन्हीकडे क्रम बिघडलेला, म्हणून दोन्हीकडे बॉल झाडीत.

डेशॅम्बोने काय केलं?

ब्रायसन डेशॅम्बो हा अमेरिकन खेळाडू कॉलेजात फिजिक्स शिकलेला. त्याने २०१९-२० मध्ये व्यायाम आणि खाण्याने सुमारे १८ किलो वजन वाढवलं, ते निव्वळ वेगासाठी. सप्टेंबर २०२० मध्ये न्यूयॉर्कजवळच्या विंग्ड फूट मैदानावर यूएस ओपन झाली. तिथले फेअरवे चिंचोळे आणि बाजूचं गवत दाट. सगळे म्हणत होते, इथे सरळ मारणाराच टिकेल. डेशॅम्बोचे ५६ पैकी फक्त २३ फेअरवे लागले आणि तो ६ फटक्यांनी जिंकला. त्याचा हिशोब असा होता की एवढ्या अरुंद फेअरवेवर चुकणार तर सगळेच आहेत, मग चुकून तरी होलच्या जवळ असलेलं बरं.

याला आकड्यांचा आधारही आहे. कोलंबिया विद्यापीठाचे मार्क ब्रॉडी यांनी प्रत्येक शॉटची किंमत काढण्याची पद्धत मांडली. अमुक ठिकाणाहून सरासरी किती फटके लागतात ही बेसलाइन, आणि तुमच्या शॉटने त्यात किती फरक पडला ते मोजायचं. त्यात दिसलं की चांगल्या आणि सामान्य खेळाडूंमधला सुमारे दोन तृतीयांश फरक १०० यार्डांपलीकडून मारलेल्या शॉट्समधून येतो. पटिंगमधून वाटतो तितका नाही.

पण दोनच महिन्यांनी ऑगस्टाच्या मास्टर्स स्पर्धेत हाच डेशॅम्बो संयुक्त ३४ वा आला. शिवाय विंग्ड फूटवर चुकलेला बॉल गवतात सापडायचा तरी. आपल्यासारख्यांचा बॉल कुंपणापलीकडे गेला की एक दंडाचा आणि एक वाया गेलेला, असे दोन फटके पाण्यात. ते भरून काढायला वीस मीटर जास्त पुरत नाहीत.

मी सध्या काय करतो

वेगाचा आणि नेमाचा सराव वेगळ्या दिवशी. वेगाच्या दिवशी बॉल कुठे जातो ते बघतच नाही, फक्त क्लबचा वेग. तेही आधी अंग मोकळं करून. एकदा ऑफिसमधून थेट जाऊन जोरात मारले आणि कंबर धरली, चार दिवस खुर्चीत बसता येईना. गोल्फमध्ये सर्वात जास्त दुखावतो तो कमरेचाच भाग, हे मला नंतर कळलं.

नेमाच्या दिवशी व्हाइटबोर्ड मार्करने बॉलवर ठिपका काढतो आणि ती बाजू क्लबकडे ठेवतो. मारल्यावर फेसवर ठसा उमटतो, तो मध्यापासून किती लांब ते बघायचं. पाच सेकंदांत कळतं आणि खर्च शून्य. आधी माझे ठसे टाचेकडे, म्हणजे दांडीच्या बाजूला, विखुरलेले असायचे. बॉलपासून बोटभर मागे उभा राहिलो, त्यात निम्मं काम झालं. टेम्पोसाठी मोबाईलवर २४० फ्रेमचा स्लो मोशन व्हिडिओ. मागे नेताना साधारण १८० फ्रेम, खाली येताना ६०. माझे सुरुवातीला २५० आणि ६० होते, म्हणजे मागे नेताना मी विचार करत बसायचो.

गेल्या रविवारी क्लबचा वेग १४८ आणि स्मॅश १.४४ होता, बॉल २१३ वर. तो अजूनही उजवीकडेच जातो. पण आता दर वेळी साधारण तेवढाच उजवीकडे जातो, म्हणून मी निशाणाच थोडा डावीकडे धरतो. कोचला ते अजिबात पटलेलं नाही.