घरगुती ट्रेडमिलची निवड

पावसाळ्यांत रस्त्यांवर पाणी सांचलें, किंवा कचेरींतून परततांना अंधार पडूं लागला, कीं शहरांतील गृहस्थाचें फिरणें प्रथम बंद पडतें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं प्रौढ माणसास आठवड्यास निदान १५० मिनिटें मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितला आहे. तो घरच्या घरीं घडावा या हेतूनें ट्रेडमिल विकत घेतली जाते. परंतु पुष्कळ घरांत सहा महिन्यांनीं तिच्यावर ओले टॉवेल वाळत असतात. याचा सारा दोष आळसाचा नव्हे. खरेदीच्या वेळीं दुकानांतील आंकडे पाहिलेले असतात. घर आणि घरांतील माणसें मात्र मोजलेलीं नसतात.

या यंत्राचा पूर्वेतिहास मोठा विलक्षण आहे. १८१८ सालीं इंग्लंडांत विल्यम क्युबिट यानें कैद्यांनीं पायांनीं फिरवावयाचें चक्र बनविलें. १८९८ च्या कायद्यानंतर ती शिक्षा लोपली. पुढें १९५२ च्या सुमारास अमेरिकेंत डॉ. रॉबर्ट ब्रूस व वेन क्विंटन यांनीं हृदयाच्या परीक्षेसाठीं फिरत्या पट्ट्याची योजना केली, आणि १९६० नंतरच्या दशकांत विल्यम स्टॉब यानें तो पट्टा घरांत आणला.

कैद्याच्या चक्रास माणूस फिरवी. घरगुती यंत्रांत पट्टा मोटर फिरविते. प्रत्येक पावलाबरोबर शरीराचा भार पट्ट्यास खालच्या फळीवर दाबतो, घर्षण वाढतें आणि मोटरीस हिसका बसतो. म्हणून क्षणभर मिळणाऱ्या कमाल अश्वशक्तीचा ठळक आंकडा पाहून भुलूं नये. मोटर अखंड किती अश्वशक्ति देते, हें विचारावें. चालण्यापुरती दीड-दोन अश्वशक्ति भागते. नित्य धांवणाऱ्यास अडीच-तीन हवी. यंत्राची भारमर्यादा घरांतील सर्वांत वजनदार माणसाहून निदान वीस किलोनें अधिक असावी.

पट्ट्याची लांबी सर्वांत उंच माणसाच्या ढांगेवरून ठरवावी. चालण्यास सुमारें १२० सेंटिमीटर पुरतात. धांवण्यास १४० किंवा अधिक लागतात. याची खरी परीक्षा एकच. आपले नेहमीचे बूट घालून दुकानांतच दहा मिनिटें, दांडा न धरतां, चालून पाहावें. पाऊल आंखडतें घ्यावें लागलें, तर तें यंत्र कितीही स्वस्त असलें तरी महागच पडेल.

मग घराकडे वळावें. पट्टा जमिनीपासून पंधरा-वीस सेंटिमीटर उंच असतो, चढ दिल्यास त्याचें पुढील टोक आणखी वर जातें, आणि धांवतांना डोकें उसळतें. म्हणून यंत्र छताच्या पंख्याखालीं कदापि ठेवूं नये. मागें सुमारें दोन मीटर जागा मोकळी असावी. तोल गेलेला माणूस मागें फेंकला जातो, आणि तेथें भिंत असल्यास तो भिंत व धांवता पट्टा यांच्यामध्यें सांपडतो. खालच्या मजल्यावरील शेजाऱ्याचाही विचार करावा. रबरी चटईनें आवाज कमी होतो, नाहींसा होत नाहीं.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट मुलांची आहे. २०२१ सालीं अमेरिकेंत अशा यंत्राखालीं ओढला जाऊन एका सहा वर्षांच्या मुलाचा मृत्यु झाला, आणि त्या जातीचीं सुमारें १,२५,००० यंत्रें परत मागविण्यांत आलीं. दोरी ओढली जातांच पट्टा थांबविणारी सुरक्षेची किल्ली नसलेलें यंत्र घेऊंच नये. चालणाऱ्यानें ती दोरी अंगावरील कपड्यास अडकवावी, व काम संपतांच किल्ली काढून मुलांच्या हातीं न लागेल अशी ठेवावी. घरांत वृद्ध असल्यास बाजूचे दांडे लांब असावेत, आणि पट्टा अगदीं मंद गतीनें सुरू होणारा असावा.

एवढें सारें मोजल्यावर कदाचित् असेंही दिसेल कीं, घरांत या यंत्रास योग्य जागाच नाहीं. तसें झाल्यास गच्चीवर किंवा इमारतीच्या अंगणांत रोज अर्धा तास चालावें. यंत्र न घेण्याचा असा निर्णय हीही उत्तम निवडच होय.