आशियाचा पैसा, भाग ७ : फंड कापतात, पुढे काय होतं?

ठाण्यातल्या वर्तकनगर, लोकमान्यनगर, शिवाईनगर या पट्ट्यात मुलाला नवी नोकरी लागली की घरातली वडीलधारी माणसं पगाराच्या आकड्याआधी विचारतात, ‘फंड कापतात का?’ या प्रश्नामागे दोन पिढ्यांचा अनुभव आहे. पोखरण रोडला १९२५ पासून रेमंडची गिरणी होती. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि तिच्या सर्वांत जुन्या वसाहतींपैकी एक, वागळे इस्टेट, इथून हाकेच्या अंतरावर वसली. म्हाडाच्या इमारतींतले कित्येक संसार या कारखान्यांच्या पगारावर चालले. पुढे एकेक कारखाना बंद पडत गेला. रेमंडचं ठाण्यातलं उत्पादनही २००९ मध्ये थांबलं. अशा वेळी कामगाराच्या हाती खात्रीचा म्हणून जो पैसा आला तो फंडाचा. कुणी त्यातून गावचं घर बांधलं, कुणी मुलीचं लग्न लावलं. आज रेमंडच्या जमिनीवर टॉवर उभे आहेत, वागळे इस्टेटमध्ये आयटी पार्क आहेत, पण घरातला प्रश्न तोच आहे.

आतापर्यंतच्या भागांत आपण सिंगापूरचे सरकारी फंड पाहिले, आपल्याकडचे म्युच्युअल फंड आणि एसआयपीचा ओघ पाहिला. या परिसरातल्या बहुतेक नोकरदार घरांनी सर्वांत जास्त पैसा ज्या संस्थेकडे सोपवला आहे, तिच्याकडे मात्र अजून वळलो नव्हतो. ती म्हणजे कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटना, ईपीएफओ. तिचं ठाण्याचं प्रादेशिक कार्यालय वागळे इस्टेटमध्येच आहे. क्लेम अडकला, नावात चूक निघाली, की लोक तिथे जातात. आपला पैसा नेमका कुठे गुंतवला आहे, हे विचारायला सहसा कुणी जात नाही. वास्तविक सगळ्या योजना मिळून ही संस्था वीस लाख कोटी रुपयांहून अधिक रक्कम सांभाळते. आशियातल्या मोठ्या पैसा-व्यवस्थापकांत तिची गणना होते.

आधी पासबुक उघडू. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,००० रुपये धरा. त्यातून कामगाराचे १२ टक्के, म्हणजे १,८०० रुपये कापले जातात. कंपनीही १,८०० भरते, पण त्यातले १,२५० पेन्शन योजनेत जातात आणि ५५० फंडात. म्हणून पासबुकात तीन रकाने दिसतात : तुमचा हिस्सा, कंपनीचा हिस्सा, पेन्शन. वर्षाअखेरीच्या व्याजाची ओळ येते तेव्हा पहिल्या दोन रकान्यांत आकडा असतो आणि तिसऱ्यात शून्य. ते पाहून अनेकांना वाटतं की पेन्शनचं व्याज कुणीतरी खाल्लं. तसं नाही. पेन्शनचे पैसे तुमच्या नावावर वाढतच नाहीत. ते सगळ्यांच्या सामाईक निधीत जातात आणि निवृत्तीनंतर नोकरीची वर्षं व पगार यांच्या सूत्रानुसार मासिक रक्कम मिळते. फंड म्हणजे तुमची शिल्लक. पेन्शन म्हणजे तुमचा हक्क. दोन्हींचा हिशेब वेगवेगळा ठेवायचा.

महिन्याचे २,३५० रुपये फंडात पोचले, आता पुढे. २०१५ मध्ये सरकारने घालून दिलेल्या चौकटीनुसार नव्याने येणाऱ्या पैशातला किमान ४५ टक्के भाग केंद्र आणि राज्य सरकारांच्या रोख्यांत जातो. सरकारी कंपन्या, बँका आणि इतर मोठ्या कंपन्यांच्या रोख्यांना दुसरा मोठा वाटा मिळतो. ऑगस्ट २०१५ पासून पाच टक्के पैसा शेअर बाजारात जाऊ लागला. पुढच्या वर्षी ते प्रमाण १० टक्के आणि २०१७ मध्ये १५ टक्के झालं. हा पैसा थेट कंपन्यांचे शेअर निवडून गुंतवला जात नाही. निफ्टी आणि सेन्सेक्स जसेच्या तसे गिरवणारे ईटीएफ घेतले जातात. इतक्या लोकांचा पैसा सांभाळताना अमुक कंपनी घेतली, तमुक का सोडली, या वादात पडायचंच नाही, असा हा पवित्रा आहे, आणि मला तो पटतो. एसबीआयचा निफ्टी ईटीएफ देशातला सर्वांत मोठा ईटीएफ झाला, तो मुख्यतः याच ओघामुळे. ‘शेअर बाजाराचं नाव काढू नका’ म्हणणाऱ्या वागळे इस्टेटमधल्या फिटरचा पैसाही असा बाजारात आहे.

बाजार मात्र पासबुकात दिसत नाही. तिथे दिसतो वर्षाचा एकच आकडा, व्याजदर. १९९० च्या दशकात तो १२ टक्के होता. २०२१-२२ मध्ये ८.१ टक्क्यांवर आला, चार दशकांतला सर्वांत कमी. २०२३-२४ आणि २०२४-२५ साठी तो ८.२५ टक्के राहिला. दहा वर्षांच्या सरकारी रोख्यावर साडेसहा-सात टक्के मिळत असताना फंड सव्वाआठ कसा देतो? एक कारण जुने रोखे. दर चढे असताना घेतलेले रोखे मुदत संपेपर्यंत ठेवले जातात आणि तोवर जुन्याच दराने व्याज देतात. दुसरं कारण ईटीएफ. ठरावीक काळ ठेवलेली युनिट विकून आलेला नफा त्या वर्षीच्या उत्पन्नात मिळवला जातो. म्हणजे व्याजदर हा बँकेच्या ठेवीसारखा आधी ठरलेला करार नाही. वर्षभरात निधीने जे कमावलं, त्याची ती वाटणी आहे.

हे एकदा उघडपणे दिसलं. २०१९-२० साठी साडेआठ टक्के जाहीर झाले होते. मार्च २०२० मध्ये कोविडच्या धसक्याने बाजार कोसळला. सप्टेंबरमध्ये ईपीएफओच्या विश्वस्त मंडळाने सांगितलं की ८.१५ टक्के रोख्यांच्या उत्पन्नातून देऊ आणि उरलेले ०.३५ टक्के ईटीएफ विकल्यावर. बाजार सावरला आणि पूर्ण व्याज जमा झालं. पण आपल्या व्याजाचा एक तुकडा निफ्टीला बांधलेला आहे, हे खातेदारांना पहिल्यांदा असं स्पष्ट कळलं.

एकच आकडा दाखवून आतली किंमत न दाखवण्याची पद्धत याआधी मध्यमवर्गाला महागात पडली आहे. युनिट ट्रस्टची युनिट ६४ योजना १९६४ मध्ये आली. तिच्या खरेदी-विक्रीचे भाव ट्रस्टच ठरवत असे आणि युनिटचं खरं मूल्य रोज जाहीर होत नसे. निम्म्याहून अधिक पैसा शेअरमध्ये गेला तरी लोक तिला ठेवच समजत राहिले. जुलै २००१ मध्ये ट्रस्टने युनिटची खरेदी-विक्री थांबवली, तेव्हा निवृत्तीचा पैसा तिच्यात ठेवलेल्या घरांवर आभाळ कोसळलं. फंडाची अवस्था तशी नाही. त्याचा बहुतांश पैसा रोख्यांत आहे आणि शेअरचं प्रमाण मर्यादित आहे. पण रोख्यांनाही धोका असतो. आयएल अँड एफएस आणि डीएचएफएल या वित्त कंपन्या बुडाल्या, तेव्हा त्यांचे रोखे ईपीएफओकडेही होते. म्हणून माझं ठाम मत आहे की कुठल्या कंपनीचे किती रोखे आहेत आणि ईटीएफचं आजचं मूल्य किती आहे, हे दर तिमाहीला सोप्या भाषेत खातेदारापर्यंत पोचायला हवं. ती माहिती मागणं हा खातेदाराचा हक्क आहे.

जपानमध्ये निधीचा नफा-तोटा असा दर तिमाहीला जाहीर होतो. तिथला सरकारी पेन्शन निधी, जीपीआयएफ, जगातल्या सर्वांत मोठ्या पेन्शन निधींपैकी आहे. डिसेंबर १९८९ मध्ये जपानी शेअर बाजाराने गाठलेली उंची त्याला पुन्हा ओलांडायला फेब्रुवारी २०२४ उजाडावा लागला. चौतीस वर्षं. अशा देशात लोकांचा पेन्शनचा पैसा देशी रोख्यांत दडून बसावा, यात नवल नाही. २०१४ पर्यंत या निधीचं उद्दिष्टच देशी रोख्यांत ६० टक्के असं होतं. पण तिथल्या रोख्यांवर व्याज जेमतेम उरलं होतं आणि म्हाताऱ्यांची संख्या वाढत होती. ऑक्टोबर २०१४ मध्ये देशी रोख्यांचं प्रमाण ३५ टक्क्यांवर आणलं गेलं, देशी आणि परदेशी शेअर प्रत्येकी २५ टक्के झाले. एप्रिल २०२० पासून चार सारखे वाटे आहेत : देशी रोखे, परदेशी रोखे, देशी शेअर, परदेशी शेअर.

त्या वर्षीच्या जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांत निधीला १७.७ लाख कोटी येनचा तोटा झाला आणि तो जसाच्या तसा जाहीर झाला. संसदेत टीका झाली, वर्तमानपत्रांनी धारेवर धरलं. पण शेअरचं प्रमाण कमी केलं नाही. पुढच्या आर्थिक वर्षात ३७ लाख कोटी येनहून अधिक नफा झाला. तोटा लपवला नाही आणि घाबरून विकलंही नाही. हे शक्य झालं, कारण पेन्शन सुरू होईपर्यंत त्या निधीतून कुणालाही पैसे काढता येत नाहीत.

मलेशियाचा फंड आपल्या फंडाच्या जास्त जवळचा आहे. तो १९५१ चा, आपला १९५२ चा. तिथेही प्रत्येकाचं वेगळं खातं आहे आणि दरवर्षी दर जाहीर होतो. फरक असा की तिथे किमान अडीच टक्क्यांची हमी कायद्यात आहे आणि तिसऱ्या हिश्श्याहून अधिक पैसा देशाबाहेर गुंतवलेला आहे. २०२४ साठी त्याने ६.३ टक्के दिले. गुंतवणुकीत हा फंड आपल्यापेक्षा कितीतरी धाडसी आहे. पण कोविडच्या काळात सरकारने खाती खुली केली आणि चार टप्प्यांत लोकांनी १४५ अब्ज रिंगिट काढून घेतले. ज्यांची नोकरी गेली, दुकान बंद पडलं, त्यांना दुसरा आधार नव्हता. तरी परिणाम व्हायचा तोच झाला. म्हातारपणासाठी जवळजवळ काहीच न उरलेली खाती लाखांनी वाढली.

आपल्याकडेही कोविड अग्रिमाची सोय झाली आणि ती जून २०२४ पर्यंत चालली. पण आपल्या परिसरात फंड रिकामा होतो तो संकटापेक्षा नोकरी बदलताना. जुनी कंपनी सोडली, दोन महिने झाले, क्लेम टाकला, पैसे आले, दुचाकी घेतली. वरच्याच २,३५० रुपयांचा हिशेब करून पाहू. पगार तोच आणि दर ८.२५ टक्केच राहील असं धरलं, तर तीस वर्षांत भरलेले साडेआठ लाखांच्या आत असतात आणि जमा होतात सुमारे ३४ लाख ७० हजार. दहा वर्षांनी खात्यात सुमारे ४ लाख २९ हजार असतील. तेव्हा ते काढून घेतले आणि पुन्हा शून्यापासून सुरुवात केली, तर तिसाव्या वर्षी हाती येतात फक्त १३ लाख ७७ हजार. म्हणजे काढलेल्या सव्वाचार लाखांची किंमत निवृत्तीच्या दिवशी जवळजवळ २१ लाख होते. व्याजदर ८.१ की ८.२५ यावर चहाच्या टपरीवर जेवढा वाद होतो, त्यापेक्षा हा फरक कितीतरी मोठा आहे. रोखे तीस वर्षांसाठी घ्यायचे आणि पैसा देणाऱ्याने तीन वर्षांत निघून जायचं, यात कुठलंही गुंतवणूक धोरण खातेदाराच्या कामी येत नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये विश्वस्त मंडळाने ठरवलं की २५ टक्के शिल्लक खात्यात राहिली पाहिजे आणि नोकरी सुटल्यावर पूर्ण रक्कम काढायला दोनऐवजी बारा महिने थांबावं लागेल. त्यावर ‘आमचाच पैसा, आम्हालाच अडवता’ अशी ओरड झाली. बेकारीत घरभाडं भरायचं असलेल्या माणसाचा राग मला समजतो, आणि म्हणूनच ७५ टक्के लगेच मिळण्याची सोय महत्त्वाची आहे. पण उरलेला चतकोर अडवला, हे मला योग्यच वाटतं.

म्युच्युअल फंडात एसआयपी करणाऱ्या तरुणांना एक सांगतो. आपली गुंतवणूक मोजताना फंडाची शिल्लक रोख्यांच्या बाजूला लिहा. ती धरली की बहुतेकांच्या लक्षात येईल की आपला निम्म्याहून अधिक पैसा आधीच सुरक्षित बाजूला आहे. मग एसआयपी थोडी जास्त शेअरमध्ये ठेवायला हरकत नसते आणि वेगळी मुदत ठेव करायची घाईही नसते.

नोकरी बदललेल्यांनी या आठवड्यात ईपीएफओच्या यूएएन पोर्टलवर जाऊन जुन्या मेंबर आयडींची यादी पाहावी. जुनी रक्कम चालू खात्यात वर्ग झाली नसेल तर ट्रान्सफरचा अर्ज ऑनलाइन करता येतो. जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरलेली नसेल तर अर्ज तिथेच अडतो, म्हणून ती आधी तपासा. ट्रान्सफरबरोबर पेन्शनची जुनी वर्षंही पुढे येतात आणि मासिक पेन्शनला किमान दहा वर्षं लागतात. सहा वर्षं एका कंपनीत आणि पाच दुसऱ्या कंपनीत काढलेल्या माणसाने मध्येच पेन्शनचे पैसे काढून घेतले असतील, तर पहिली सहा वर्षं हिशेबातून गेली. पुढच्या भागात एनपीएस, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजना : तिथे खातेदाराला शेअर आणि रोख्यांचं प्रमाण स्वतः ठरवता येतं.