बोलणारी गाढवी, पळालेले मांत्रिक : बायबलमधल्या जादूच्या नऊ गोष्टी

बायबलला जादूटोणा अजिबात चालत नाही, हे बहुतेकांना ऐकून माहीत असतं. मनाई खरीच आहे आणि कडकही आहे. पण ती ज्या गोष्टींतून सांगितली आहे, त्या एकाहून एक रंगतदार आहेत.

१. मनाईची यादी आणि तिच्यापुढची ओळ
‘अनुवाद’ या पुस्तकाच्या १८व्या अध्यायात मोशे सगळं एका दमात मोजून दाखवतो : पोटच्या मुलांचा होम, शकुन, मुहूर्त, चेटूक, वशीकरण, भुतांना कौल लावणं, मेलेल्यांचा सल्ला घेणं. हे सगळं बंद! पण लगेच पुढे आश्वासनही आहे : देव तुमच्यातूनच एक संदेष्टा उभा करील, त्याचं ऐका. वाट विचारायला मनाई नाही, कोणाला विचारायची एवढंच बजावलं आहे.

२. उवांपुढे हात टेकले
मोशेचा भाऊ अहरोन याने मिसरचा राजा फारो याच्यासमोर काठी टाकली, तिचा साप झाला. मिसरच्या जादूगारांनीही आपल्या काठ्यांचे साप केले, पण अहरोनाच्या काठीने ते गिळून टाकले. पाण्याचं रक्त आणि बेडकांची धाड इथपर्यंत त्यांनी बरोबरी केली. उवांची पीडा आली आणि त्यांची विद्या संपली. यात देवाचं बोट आहे, अशी कबुली त्यांनीच फारोला दिली. पुढे गळवांची साथ आली तेव्हा त्यांना मोशेसमोर उभंही राहता येईना.

३. गाढवीला दिसलं, द्रष्ट्याला नाही
मवाबाचा राजा बालाक याने इस्राएलाला शाप देण्यासाठी दक्षिणा पाठवून बलामाला बोलावलं. वाटेत देवदूत उपसलेली तलवार घेऊन उभा होता. गाढवीला तो दिसला, बलामाला दिसेना. त्याने तिला तीनदा झोडपलं, तेव्हा तिला वाचा फुटली. शाप द्यायला निघालेला बलाम शेवटी आशीर्वाद देऊन परतला. १९६७ मध्ये जॉर्डनमधल्या देइर अल्ला इथे भिंतीच्या गिलाव्यावर शाईने लिहिलेला एक प्राचीन लेख सापडला. इ. स. पू. आठव्या शतकाच्या सुमाराच्या त्या लेखात ‘बौराचा मुलगा बलाम’ या द्रष्ट्याचं नाव आहे.

४. एनदोरच्या बाईचा पाहुणचार
भूतविद्या करणाऱ्यांना देशातून हाकललं ते शौल राजाने. पलिष्ट्यांचं सैन्य समोर ठाकलं आणि देवाकडून उत्तर येईना, तेव्हा तोच वेष पालटून, दोन माणसं बरोबर घेऊन रात्री एनदोरच्या बाईच्या दारात गेला. ती घाबरली, हा आपल्याला अडकवण्याचा डाव असेल असं तिला वाटलं. मेलेला संदेष्टा शमुवेल वर आला आणि त्याने सांगितलं, की उद्या तू आणि तुझे मुलगे माझ्याकडे असाल. दिवसभर आणि रात्रभर उपाशी असलेला शौल जमिनीवर कोसळला. मग त्या बाईने घरचं पोसलेलं वासरू कापलं, पीठ मळलं, बेखमीर भाकरी भाजल्या आणि नको नको म्हणणाऱ्या राजाला जेवू घातलं. शौलाच्या मृत्यूचा दोष ‘इतिहास’ हे बायबलमधलं पुस्तक शौलावरच ठेवतं. त्या बाईला मात्र या गोष्टीत कुठेही दूषण दिलेलं नाही.

५. मोशेच्या हातचा, तरी फोडला
रानात सर्पदंशाने माणसं मरू लागली, तेव्हा देवाच्या सांगण्यावरून मोशेने पितळेचा साप उभारला. त्याच्याकडे पाहणारा वाचे. शेकडो वर्षांनी लोक त्याच सापापुढे धूप जाळू लागले. हिज्कीया राजाने त्याचे तुकडे केले. साक्षात मोशेने घडवलेली वस्तू म्हणूनही तिची गय झाली नाही.

६. सर्वांत जुनी वचनं चांदीवर
१९७९ मध्ये जेरुसलेममधल्या केतेफ हिन्नोम इथल्या थडग्यात चांदीच्या पत्र्याच्या दोन चिमुकल्या गुंडाळ्या मिळाल्या. ताइतासारख्या अंगावर बाळगायच्या त्या पत्र्यांवर ‘गणना’ या पुस्तकातल्या याजकीय आशीर्वादाचे शब्द कोरलेले निघाले. बायबलच्या मजकुराचा इतका जुना नमुना दुसरा ज्ञात नाही. मृत समुद्राकाठच्या गुंडाळ्याही त्यानंतरच्या.

७. धंदा बुडाला, तुरुंग मिळाला
फिलिप्पैत एक दासी भविष्य सांगायची आणि कमाई तिच्या धन्यांच्या खिशात जायची. येशूचा प्रेषित पौल याने तिच्या अंगातला आत्मा काढला. ती मोकळी झाली, पण धन्यांचं उत्पन्न बुडालं. त्यांनी पौल आणि त्याचा सोबती सीला यांना फटके मारवून तुरुंगात टाकवलं. शोमरोनात तर शिमोन नावाच्या जादूगाराने पवित्र आत्मा देण्याची शक्तीच विकत मागितली. प्रेषित पेत्राने त्याला खडसावलं : देवाचं दान पैशाने मिळत नाही, पश्चात्ताप कर.

८. नाव उसनं, मार रोख
इफिसात स्कवा नावाच्या याजकाचे सात मुलगे येशूचं नाव मंत्र म्हणून वापरून भुतं काढू पाहत होते. आत्म्याने उलट विचारलं, की येशू आणि पौल मला ठाऊक आहेत, तुम्ही कोण? झपाटलेल्या माणसाने सातही जणांना असं बदडलं, की ते उघडेनागडे, रक्तबंबाळ होऊन पळाले.

९. पन्नास हजारांची होळी
हे ऐकून इफिसातल्या जादू करणाऱ्यांनी आपल्या पोथ्या आणून सर्वांदेखत जाळल्या. किंमत भरली ५०,००० रुप्याची नाणी. असं एक नाणं म्हणजे साधारण मजुराची एक दिवसाची मजुरी. म्हणजे एका माणसाच्या १३६ वर्षांहून अधिक काळाच्या कष्टांची राख! पोथ्या कोणी हिसकावल्या नव्हत्या, ज्यांच्या होत्या त्यांनीच त्या आणल्या.

आता यातली एक दुखरी बाजू. ‘निर्गम’ २२व्या अध्यायात चेटकिणीला जिवंत ठेवू नये, अशी आज्ञा आहे. पंधराव्या ते अठराव्या शतकांत युरोपने तिचा आधार घेऊन माणसं मारली. इतिहासकारांच्या अंदाजाने हा आकडा ४० ते ६० हजारांचा आहे आणि त्यांत बहुसंख्य बाया होत्या. १६९२ मध्ये अमेरिकेतल्या सेलममध्ये १९ जणांना फाशी दिली आणि एकाला दगडांखाली चिरडलं.

म्हणून प्रेषितांचं वागणं नीट पाहायला हवं. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात जादूगारांशी अनेकदा गाठ पडते, पण प्रेषित एकाचाही जीव घेत नाहीत. शिमोनाला पश्चात्तापाची संधी मिळते, कुप्रातल्या अलीम या जादूगाराला काही काळापुरतं आंधळेपण येतं आणि दासीची सुटका होते. भीती दाखवून पैसा उकळणाऱ्या विद्येला विरोध करायचा आणि माणसाला वाचवायचं, हीच प्रेषितांच्या वागण्यातून मिळणारी शिकवण आहे. कोणाला चेटकीण ठरवून तिच्यावर दगड उचलणाऱ्याला या प्रेषितांचं नाव घेण्याचा अधिकार नाही.