जॉन मॅडन : खेळाडू ते प्रशिक्षक

स्कॉटलंडमधील डंबार्टन येथे १८६५ साली जन्मलेले जॉन मॅडन हे जहाजबांधणी कामगार व ग्लासगोच्या सेल्टिक संघाचे आघाडीचे खेळाडू होते. १९०५ मध्ये प्रागच्या स्लाव्हिया संघाचे प्रशिक्षकपद त्यांनी स्वीकारले व १९३० पर्यंत सांभाळले. चेंडू एकट्याने पुढे नेण्याऐवजी आखूड पासने सहकाऱ्याकडे सोपविण्याची स्कॉटिश पद्धती आणि शारीरिक तंदुरुस्ती यांवर त्यांचा भर होता. १९२५ मध्ये स्लाव्हियाने चेकोस्लोव्हाकियाची लीग जिंकली. मात्र त्यांच्या कार्याचे खरे मोल पुढे दिसून आले. १९३४ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इटलीविरुद्ध चेकोस्लोव्हाकियाचा एकमेव गोल करणारे पुच व गोलरक्षक प्लानिच्का हे दोघेही मॅडन यांच्या स्लाव्हियात घडले होते. १९४८ मध्ये मॅडन यांचे प्रागमध्येच निधन झाले. सारांश, प्रशिक्षकाच्या कार्याचे मूल्यमापन केवळ चषकांवरून नव्हे, तर शिष्यांच्या खेळावरूनही करावे लागते.