कळ जड की हलकी, ठरवते स्प्रिंग

नाशिक - टंकयंत्रावर बोटे घडलेल्या नाशिकच्या टंकलेखकांना संगणकाचा हलका कळफलक खटकू शकतो. गोदरेजने १९५५मध्ये सुरू केलेले टंकयंत्रांचे उत्पादन २००९मध्ये थांबले. मेकॅनिकल कळफलकात मात्र कळीचा जडपणा बदलता येतो. त्यात प्रत्येक कळीखाली स्वतंत्र स्विच व त्यात बारीक स्प्रिंग असते. चेरी कंपनीचा लाल स्विच सुमारे ४५, तर काळा ६० ग्रॅम भाराला दोन मिलिमीटर दबतो आणि अक्षर उमटते. स्विच उघडून जड स्प्रिंग घातल्यास लाल स्विचही घट्ट होतो व चुकून धक्का लागून उमटणारी अक्षरे टळतात. मात्र सोल्डर केलेले स्विच काढताना सर्किट बोर्ड निकामी होऊ शकतो. अतिजड स्प्रिंगने बोटेही थकतात. त्यामुळे आधी दोन-चार कळींवरच प्रयोग करणे हिताचे.