नळ नसलेल्या खोलीतली धार

गुजरातेतल्या खंबातला अकीक घासून मणी घडवण्याचा धंदा फार जुना. अनेक कारागिरांची कार्यशाळा म्हणजे त्यांचं राहतं घरच. अकीक बहुतांशी सिलिका असतो. तो एमरीच्या चाकावर कोरडा घासला की उडणाऱ्या धुळीतले ५ मायक्रॉनहून बारीक कण नाकात अडकत नाहीत, थेट फुफ्फुसात उतरतात. तिथल्या कारागिरांना जडणाऱ्या सिलिकोसिसचं मूळ या धुळीत आहे, आणि हा आजार बरा होत नाही. १ मायक्रॉनचा कण स्थिर हवेतसुद्धा दीड मीटर खाली यायला सुमारे पाच तास घेतो. म्हणजे काम थांबवून जेवून परत आलं, तरी धूळ खोलीतच असते.

चाकावर सतत पाणी पडत राहिलं, तर यातली बरीच धूळ उडण्याआधीच चिखलात अडकते. (मास्क तरीही हवाच.) गच्चीवरच्या खोलीत किंवा गॅरेजमध्ये हौसेने दगड, काच, फरशी घासणाऱ्यांनी नळ नाही म्हणून कोरडं घासत बसू नये, असं मला कळकळीने सांगावंसं वाटतं. कारण लागणारं पाणी खरंच थोडं असतं. २० थेंबांचा साधारण १ मिलिलिटर होतो. लहान चाकावर सेकंदाला दोन थेंब सोडले तर तासाला ३६० मिलिलिटर लागतं. मिनिटाला १०० मिलिलिटरची बारीक धार धरली, तरी २० लिटरचा जार तीन तासांहून अधिक पुरतो.

पंपही लागत नाही. पाण्याचा दाब भांड्यात किती पाणी आहे यावर ठरत नाही, ते किती उंचावर आहे यावर ठरतो. दर मीटर उंचीला सुमारे ०.१ बार. अरुंद कॅन असो की रुंद पिंप, उंची सारखी तर दाबही सारखाच.

अडचण वेगळीच आहे. पाणी उपसत जातं तशी पातळी उतरते आणि धार मंदावते. तोटीच्या वर ४० सेंटिमीटर पाणी होतं, ते १० वर आलं की वेग निम्मा होतो. बारीक नळीतून ठिबकत असेल तर त्याहूनही कमी. कामात गुंतलेल्या माणसाच्या हे लक्षात येत नाही, आणि चाक हळूहळू कोरडं पडतं. जार दोन मीटर उंच फळीवर ठेवला, तर तेवढ्याच घटीने फारसा फरक पडत नाही. पण भरलेला जार वीस किलोंहून जड. फळी तशी भक्कम हवी.

दुसरा उपाय मला फार आवडतो. सतराव्या शतकातले फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ एडम मॅरिऑट यांचं नाव त्याला आहे. ताठ भिंतींच्या कॅनचं तोंड रबरी बुचाने हवाबंद करायचं आणि बुचातून एक नळी जवळजवळ तळापर्यंत सोडायची. तिचं वरचं टोक उघडं. तोटीतून पाणी जाऊ लागलं की आतल्या हवेचा दाब घटतो आणि बाहेरची हवा नळीतून बुडबुड्यांनी आत येते. त्यामुळे नळीच्या खालच्या टोकाशी दाब कायम बाहेरच्या हवेइतकाच राहतो. धार ठरते ती त्या टोकापासून तोटीच्या बाहेरच्या टोकापर्यंतच्या उंचीवर, आणि ती उंची बदलत नाही. पाणी नळीच्या टोकाशी येईपर्यंत धार एकसारखी. बूच जरा जरी सैल राहिलं, तर मात्र हे सगळं फसतं.

चाक विजेवर चालत असेल तर वीजगळती होताच प्रवाह तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवल्याशिवाय पाणी जवळ आणू नये. जार झाकलेला असावा, नाहीतर डासांची सोय होते.

उरतं ते खाली जमणारं गढूळ पाणी. ते मोरीत ओतलं तर गाळ पाइपात बसतो. बादलीत ठेवलं, तर ५ मायक्रॉनचे कण ३० सेंटिमीटर खाली बसायला सुमारे चार तास घेतात, १ मायक्रॉनचे मात्र जवळपास चार दिवस. वरचं निवळ पाणी पुन्हा वापरता येतं. गाळ ओला असतानाच पिशवीत बांधून टाकावा. तो वाळला की तीच धूळ पुन्हा हवेत जाते.